डॅनियल शेजचा झीलकरी

डॅनियल शेज माझ्या माहेरचा नाही, सासरचाही नाही. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरात सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला एक गोरा शेतकरी. पण गेल्या वर्षभरात मी त्याच्याबद्दल जितकं ऐकलंय तितकं माझ्या सख्ख्या नणंदेबद्दलही ऐकलेलं नाही, आणि आमच्या वन्सं काही गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. हे सगळं राजारामकाकांमुळे.

झालं असं की, अमेरिकेला अडीचशे वर्षं होणार म्हणून आमच्या शेजारच्या डोंगरातल्या गावाने जुलैत सोहळा ठरवला आणि आमच्या मराठी मंडळालाही एक आयटम द्या म्हणाले. मी मंडळाची सेक्रेटरी. मीटिंगमध्ये लेझीम, लावणी, गणेशवंदना असं नेहमीचं चाललं होतं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून राजारामकाका उठले. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने हडकुळे, पण आवाज असा की माइक बाजूला ठेवावा लागतो.

"मी पोवाडा करतो. डॅनियल शेजचा."

"कुणाची शेज, काका?" गिरीश म्हणाला. "शेजारती करायची का?"

सगळे हसले. गिरीश आमचा साउंडवाला, नोकरी सॉफ्टवेअरची, जीभ तिखट. काका हसले नाहीत. "इथून तासाभरावर राहत होता तो," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मी आपलं लिहून घेतलं. म्हातारा माणूस आहे, दहा मिनिटं गाईल, काय बिघडतंय? मला काय माहीत होतं पुढे काय वाढून ठेवलंय!

काका मूळचे कागलजवळच्या एका खेड्यातले. शिकले सांगलीला, इंजिनिअर झाले आणि चौऱ्याहत्तर साली इथल्या होल्योक गावातल्या एका पेपर मिलमध्ये आले ते इथेच राहिले. गावाकडे ते आणि त्यांचा धाकटा भाऊ बंडा मिळून पोवाडे म्हणायचे. काका डफ घेऊन पुढे, बंडा तुणतुणं घेऊन मागे. काका ओळ टाकायचे, बंडा मागून झील ओढायचा, जी जी जी. पोवाडा ऐकलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की पोवाडा म्हणजे फेटा बांधून ओरडणं. ते तसं नसतं. शाहीर ओळ फेकतो तेव्हा त्याचा श्वास संपलेला असतो. झीलकरी मागून उचलतो म्हणून त्याला दम घ्यायला मिळतो. नुसती ओळ ही अर्धी ओळ असते. हे काकांनी मला सांगितलं.

इथे आल्यापासून त्यांना झीलकरी मिळाला नाही. दर शिवजयंतीला ते मंडळात गायचे, ओळ टाकायचे आणि सवयीने थांबायचे. तेवढ्या थांबण्यात लोक टाळ्या वाजवायचे. त्यांना वाटायचं कडवं संपलं, नाहीतर काका विसरले. मालिनीकाकू होत्या तोवर त्या पहिल्या रांगेतून हळूच "जी जी" म्हणायच्या. पण काकू पुण्याच्या, शास्त्रीय गाणाऱ्या. त्यांच्या झिलीत इतकी नजाकत असायची की काका घरी जाऊन म्हणायचे, "अगं, लढाई चाललीय तिथं!" काकूंना जाऊन चार वर्षं झाली. नंतर काकांची किडनी गेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणजे भारतात जाणं संपलंच.

शनिवारी त्यांना डायलिसिसला मी नेते. शेजचा सगळा इतिहास मी या गाडीत ऐकला.

"स्वातंत्र्याची लढाई जिंकून माणसं घरी आली," काका सांगायचे. "पगार काय मिळाला? कागद. त्या कागदाला बाजारात कुणी विचारेना. आणि बोस्टनचं, म्हणजे आपल्या राज्याचं सरकार म्हणतंय कर भरा, आणि नाण्यातच भरा. नाणी काय झाडाला लागतात? मग कोर्टाचे समन्स, गुरं जप्त, माणूस तुरुंगात."

"मग यांनी काय केलं?"

"कोर्टच बंद पाडलं! नॉर्थॅम्प्टनला शेकड्यांनी जाऊन दारात उभे राहिले. न्यायाधीशालाच आत जाऊ दिलं नाही. निकाल देणार कोण, बोंबलायला?"

"आणि सरकार गप्प बसलं?"

"कुठलं सरकार? तेरा राज्यांचं मिळून एक सरकार होतं, पण नुसतं नावाला. फौज उभी करायची तर खिशात दमडी नाही. राज्यांकडे मागायचं, आणि राज्यं म्हणणार, बघू. आपल्या मंडळाच्या वर्गणीसारखं." इथे मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "शेवटी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी आपसात पैसे गोळा करून फौज पाठवली. आणि मग सगळ्यांची तंतरली, की हे असलं लेचंपेचं सरकार चालायचं नाही. तेव्हा कुठे पुढच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बसून घटना लिहिली."

मी कार्यक्रमपत्रिकेत 'शेजचं बंड' असं टाकलं होतं. काकांनी ते खोडायला लावलं. "बंड सरकार म्हणतं. ती माणसं स्वतःला रेग्युलेटर म्हणायची. घडी नीट बसवणारी. तू उठाव लिही."

"आणि तुमच्या भावाचं नाव बंडा, ते चालतं?"

"ते आईनं ठेवलंय," काका म्हणाले.

एका शनिवारी मी त्यांना सरळच विचारलं. "काका, हरलेल्या माणसाचा पोवाडा कशाला? इतके जिंकलेले पडलेत."

काका म्हणाले, "जानेवारीत, बर्फातून, शेज स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेला. ठरलं असं होतं की एका अंगानं शेज आणि नदीपलीकडून त्याचा साथीदार, ल्यूक डे. ल्यूकचं ऐनवेळी जमेना. त्यानं निरोप धाडला, आज नको, उद्या येतो. तो निरोप सरकारच्या माणसांनी वाटेत पकडला. शेजला काय ठाऊक? तो ठरल्याप्रमाणे निघाला. तोफ उडाली, चार माणसं गेली, बाकीची पळाली. लोक म्हणतात शेज हरला. मी म्हणतो, त्यानं ओळ टाकली गं. मागनं झीलच आली नाही."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा मी गाडी हलवली.

तेव्हा मला कळलं की हा पोवाडा कुणाचा आहे. काकांना आणखी काही नको होतं. एकदा, मरायच्या आधी एकदा, आपण ओळ टाकावी आणि मागून बंडाची झील यावी. एवढंच. आता तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षांत गावी गेले नाहीत का? गेले की. पण जायचं ते लग्नाला नाहीतर कुणाच्या दिवसांना, तीन आठवडे, त्यातला एक पोट बिघडण्यात. भाऊ भाऊ निवांत बसून गातील अशी वेळ आलीच नाही. दोघांनाही वाटायचं, पुढच्या खेपेला.

बंडाला बोलवायचं ठरलं. त्याचा मुलगा कोल्हापुरात असतो, त्याने व्हिसाचं सगळं बघितलं. मुलाखतीची तारीख मिळाली ती पुढच्या वर्षाची. काकांनी बातमी ऐकून घेतली. "पुढच्या वर्षी," ते म्हणाले आणि डायलिसिसच्या हाताकडे बघत राहिले. मला इतका राग आला! कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

मग मी मंडळातल्या पोरांना पकडलं. आरोही, उर्वी, सौमित्र, अमेय, चौघंही मिडल स्कूलमधली. इंग्रजीत कुरकुरत का होईना, झील शिकली. तालात "जी रं जी जी" म्हणायला लागली. काका खूश नव्हते, पण चालवून घेत होते. जूनमध्ये गावच्या हिरवळीवर रंगीत तालीम ठेवली. काका डफ घेऊन पुढे, पोरं मागे. बाजूने मिरवणुकीची गाडी चाललेली, तिला दोन तरणे लाल बैल जोडलेले आणि शेजारी त्यांची मालकीण डोना, हातात छडी.

काकांनी ओळ टाकली, "ऐका मंडळी देऊन कान, डोंगराचं रान, रान पेटवलं शेज शूरानं," आणि पोरं ओरडली, "जी जी जी!"

बैल उजवीकडे वळले.

डोनाने त्यांना सरळ केलं. काकांनी दुसरी ओळ टाकली. "जी जी जी!" बैल पुन्हा उजवीकडे. आम्हाला कुणाला काही कळेना. डोना जिवाच्या आकांताने ओरडायला लागली, "हॉ! हॉ! हॉ!" पोरांना वाटलं बाईला गाणं आवडलं, हसतेय. त्यांना चेव आला. बैल उजवीकडे, आणखी उजवीकडे, खुर्च्यांतून, सरबताच्या टेबलावरून, आणि शेवटी बँडवाल्यांच्या तंबूत.

न्यू इंग्लंडात बैलाला उजवीकडे वळवायचं तर 'जी' म्हणतात आणि डावीकडे 'हॉ'. इतकी वर्षं इथे काढून आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं! माहीत असण्याचं कारण काय म्हणा, आम्ही काय कोडिंग करताना बैल हाकतो? काका मात्र हिरवळीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. डोनाही हसली, पण दुसऱ्या दिवशी. आयोजकांनी प्रेमाने कळवलं की तुमचं गाणं चर्चच्या हॉलमध्ये, बंद दाराआड घ्या. आणि कुणीतरी काढलेला व्हिडिओ पोरांच्या शाळेत फिरला. "अस्मिता मावशी, वी आर डन," आरोहीने चौघांच्या वतीने सांगितलं. झीलकरी गेले.

पण हॉलमध्ये वायफाय होतं. बंडालाच व्हिडिओवर घेऊ, मीच म्हटलं. काकांचा चेहरा एकदम फुलला. गिरीशने स्पीकर लावले. स्क्रीनवर बंडाकाका आले. गांधी टोपी, मांडीवर तुणतुणं, मागे कॅलेंडर. काकांनी ओळ टाकली. पुढची ओळ सुरू केली आणि मधेच, भलत्याच शब्दावर, स्पीकरमधून झील आली.

"बंडा, झोपलास काय रं?"

मधे जरा वेळ गेला. "दादा, मी कशाला झोपू? माझी जी व्हायच्या आत तूच फुडं पळायलायस!"

परत तेच. पुन्हा तेच. काका थांबून बघायचे तर ताल मोडायचा, न थांबता गायचे तर झील अंगावर यायची. गिरीशने केबल बदलली, ॲप बदललं, शेवटी हात टेकले. "काका, आवाज तिकडे जायला वेळ लागतो, यायला वेळ लागतो. दोन्ही मिळून एवढं होणारच. याला इलाज नाही."

काकांनी फोन बंद केला. "राहू दे. मी एकटाच म्हणतो."

माझा तोल गेला. "एकटंच म्हणायचं होतं तर वर्षभर मला कशाला घोळवलंत? बैल अंगावर घेतले मी तुमच्यासाठी!"

"मला ती ऐकायची होती गं," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मागनं. पाठीवर यावी तशी. मला त्याची लई आठवण येते, अस्मिता. भाऊ म्हणून येतेच, पण गाताना जास्त येते. तेव्हा तर पाठ उघडी पडल्यागत वाटतं." मी त्यांचा हात धरून बसले. आणखी काय करणार?

कार्यक्रम सकाळी होता, तिकडे संध्याकाळ. हॉल भरला होता, निम्मे गोरे, निम्मे आपले. काकांनी फेटा बांधला आणि त्यात तुऱ्यासारखी हेमलॉकची डहाळी खोचली. शेजची माणसं ओळख म्हणून ती टोपीला लावायची. माझा जीव वरखाली, कारण मी हेमलॉक म्हणजे विष एवढंच ऐकलेलं. "ते वेगळं. हे झाड आहे, देवदाराच्या भावकीतलं," काकांनी मला गप्प केलं. बंडाकाकांना स्क्रीनवर घेतलं होतं, पण नुसतं बघायला. आवाज करायचा नाही असं ठरलं होतं.

काका एकटे गायला लागले. छान गायले, खोटं कशाला बोलू? दर ओळीनंतर थांबत होते आणि दर थांब्याला लोक टाळ्या वाजवत होते. मग शस्त्रागाराचं कडवं आलं.

"निरोप धाडला ल्यूकनं, उद्या येतो म्हणून,
वाटंत घेतला हिसकून,
शेज बघतोय मागं वळून, मागं न्हाई कुणी..."

काका थांबले. टाळी पडली, विरली. आणि मग स्पीकरमधून, उशिराने, खरखरीत आवाजात आली, "जी... जी जी जी." बंडाकाकांना राहवलं नव्हतं.

काका स्क्रीनकडे वळले. पुढची ओळ त्यांनी म्हटलीच नाही. लोकांना वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये, मीही उठले. पण ते चालत स्क्रीनच्या मागे जाऊन उभे राहिले. डफ खाली ठेवला.

"बंडा, फुडचं तू म्हण. मी मागं हाय."

"मी? न्हाई दादा, मला न्हाई जमायचं. मी कवा म्हटलंय?"

"तुला पाठ हाय. वर्षभर फोनवर घोकून घेतलास माझ्याकडनं. म्हण."

बंडाकाकांनी टोपी नीट केली. तुणतुणं लागलं. आणि त्या बिचाऱ्याने, आयुष्यभर मागे उभ्या राहिलेल्या माणसाने, पहिल्यांदा ओळ टाकली. आवाज थरथरत होता. ओळ संपली त्या क्षणाला काकांनी मागून झील उचलली आणि ती अगदी बरोबर बसली. दुसरी ओळ, झील. तिसरी, झील. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही.

"हे कसं काय जमलं?" मी गिरीशला विचारलं.

"तिकडून आलेलं ऐकून इथे जोडायचं, म्हणजे इथे बरोबरच बसणार," तो कुजबुजला. "पण त्यांना तिकडे काकांचा आवाज उशिराच ऐकू येत असणार."

मग मी बंडाकाकांकडे नीट पाहिलं. ओळ टाकून ते थांबायचे. मान जराशी मागे वळवायचे, जिथे कॅलेंडर होतं तिकडे. वाट बघायचे. झील पोचली की चेहऱ्यावर कळायचं, मग पुढची ओळ. काकाही स्क्रीनच्या कडेने डोकावून तेच बघत होते. शेवटचं कडवं शेजच्या म्हातारपणाचं होतं.

"माफी मिळाली राजा, गाव न्हाई मिळालं,
परक्या मुलखात आयुष्य सरलं,
परक्या मातीत डोळं मिटलं..."

इथे बंडाकाकांचा आवाज फुटला. हे कडवं काकांनी लिहिलं होतं आणि म्हणावं लागलं धाकट्याला. काकांनी तरीही झील सोडली नाही. भिंत धरून उभं राहावं तसे स्क्रीनचं टेबल धरून उभे होते, पण सुराला पक्के.

पोवाडा संपला. लोक उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या, डोना तर रडतच होती आणि तिला एक शब्द कळला नव्हता. काकांनी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर घेतली.

"बंड्या, इतकी वर्षं मी मागं वळून बघत होतो रं. झील कुठाय, झील कुठाय."

बंडाकाका ऐकेपर्यंत थांबलो सगळे. त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

"व्हय दादा. तुझ्या मागं झील नव्हती, खरं हाय. पर तू ओळ तरी टाकत व्हतास. मी नुसतं तुणतुणं घेऊन बसायचो. फुडं ओळच नसली तर झील कशाला म्हणू?"

काकांना हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. मागे जेवणाची टेबलं लावायला लोक आत आले होते, आयोजक मला खुणा करत होते, हॉल मोकळा करा. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"आज किती येळ हाय तुला?" काकांनी विचारलं.

जरा वेळाने उत्तर आलं. "मला कुटं जायाचंय?"

"मग म्हण की. लहानपणीचं कुठलंबी म्हण. मी हाय मागं."